माकेदा : शबाची राणी इथिओपियात परतल्यावर

सागरवेळ

बायबलमध्ये शबाच्या राणीची गोष्ट तेरा वचनांत आटोपते. 'राजे' पहिल्या भागाचा दहावा अध्याय. उंटांवर सुगंधी द्रव्यं, रत्नं नि सोनं लादून ती यरुशलेमेला येते, शलमोन राजाला कूटप्रश्न घालते, उत्तरं ऐकून थक्क होते, १२० किक्कार (त्या काळचं वजनाचं माप) सोनं नजर करते आणि आपल्या मुलखाला निघून जाते. नाव नाही, गाव नाही, पुढचं काही नाही.

इथिओपियात मात्र ती परत निघाली की गोष्ट रंगायला लागते. तिथे तिचं नाव माकेदा. 'केब्रा नगस्त', म्हणजे राजांचा महिमा, हा गीझ या इथिओपियाच्या जुन्या धर्मभाषेतला ११७ अध्यायांचा ग्रंथ आहे. आज मिळतो त्या रूपात तो १४व्या शतकाच्या सुरुवातीला सिद्ध झाला. त्याचा इंग्रजी अनुवाद वाचून झाला आणि कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून हा धागा.

माकेदाच्या राज्यात तामरिन नावाचा बडा व्यापारी होता. ५२० उंट, ७३ जहाजं. शलमोन देवाचं मंदिर बांधत होता, त्याला तांबूस सोनं, कीड न लागणारं काळं लाकूड आणि नीलमणी हवे होते. ते पोचवायला तामरिन गेला आणि राजाची न्यायबुद्धी, बोलण्यातली मृदुता, कारागिरांना शिकवण्याची हातोटी पाहून भारावून परतला. मग रोज सकाळी राणीसमोर बसून तेच सांगणं. राणी ऐकता ऐकता रडायची म्हणे. शेवटी तिने स्वतःच जायचं ठरवलं. ७९७ उंट लादले, खेचरं आणि गाढवं वेगळीच.

यरुशलेमेतला एक प्रसंग मला फार आवडला. राणी आणि राजा बोलत असताना एक मजूर समोरून जातो. डोक्यावर दगड, गळ्यात पाण्याची पखाल, कपडे फाटके, अंगातून घाम निथळतोय. शलमोन त्याला थांबवतो आणि राणीला म्हणतो, याच्यात आणि माझ्यात फरक तो काय? मीही माती, तोही माती. उलट कष्ट सोसायला तो माझ्यापेक्षा बळकट. यानंतर राणी सांगते की आमच्याकडे वाडवडिलांपासून सूर्याची पूजा चालत आली आहे, आणि इथून पुढे सूर्य सोडून सूर्य घडवणाऱ्याला भजायचं ठरवते.

आता पुढचा भाग. निघायच्या आदल्या रात्री शलमोन मेजवानी देतो. पदार्थ मुद्दाम मिरी घातलेले, तहान लावणारे, पेयांत आंबट. जेवणं झाल्यावर तो तिला म्हणतो, आज इथेच झोप. ती अट घालते, माझ्यावर बळजबरी करणार नाहीस अशी शपथ घे. तो घेतो, पण तिच्याकडूनही घेतो : माझ्या घरातली कुठलीही वस्तू तू परवानगीवाचून घेणार नाहीस. राणी हसते. माझ्याकडे काय कमी आहे, की मी तुझं काही चोरीन? दोन टोकांना दोन बिछाने आणि मध्ये पाण्याचं भांडं. रात्री तिचा घसा कोरडा पडतो, ती उठून पाणी घ्यायला जाते, आणि झोपेचं सोंग घेतलेला राजा तिचा हात धरतो. शपथ मोडलीस. ती म्हणते, पाण्यासाठी? तो विचारतो, पाण्यापेक्षा मोलाचं काय आहे जगात?

त्याच रात्री शलमोनाला स्वप्न पडतं. लखलखता सूर्य आकाशातून इस्राएलवर उतरतो, थोडा वेळ तिथे तळपतो, मग उडून इथिओपियावर जातो आणि कायमचा तिथेच राहतो.

राजाने दिलेली अंगठी घेऊन राणी परतते, वाटेत मुलगा होतो. तोच मेनेलिक. बावीस वर्षांचा झाल्यावर तो बापाला भेटायला जातो. त्याला तिथे राहायचं नसतं. मग शलमोन त्याला अभिषेक करून, सरदार-पुरोहितांचे थोरले मुलगे सोबतीला देऊन परत पाठवतो. हे मुलगे निघताना कराराचा कोश पळवतात. देवाने मोशेला दिलेल्या आज्ञांच्या दगडी पाट्या ज्यात होत्या तो. जागी लाकडी सांगाडा ठेवून वर वस्त्रं झाकतात. ग्रंथ म्हणतो चोरी नाहीच, कोशालाच जायचं होतं. गाड्या जमिनीपासून हातभर वर उचलल्या जातात, तेरा दिवसांची वाट एका दिवसात सरते, तांबडा समुद्र तसाच ओलांडला जातो. शलमोन पाठलाग करून थकतो आणि गुपचूप परततो.

आणि माकेदा? ती मुलाला गादीवर बसवते आणि सरदारांकडून शपथ घेववते की यापुढे या राज्यावर बाई बसणार नाही.

इथे मला अडखळायला झालं. इतका पल्ला गाठून आलेली, अकलेची भूक असलेली राणी, आणि तिच्याच तोंडून हे. ग्रंथ तिच्यापासून सुरू होतो खरा, पण तिला फक्त आई व्हायला आणलंय असं वाटत राहिलं. तुम्हाला काय वाटतं?

खट्याळ_वेताळ

मस्त धागा. थोडक्यात, मिरचीचा ठेचा घालून राणीला हरवली. जेवणाचं बोलावणं आलं तर तांब्या घरून न्यावा.

बाभूळबन

वेताळबुवा, मिरची नाही हो. मिरची अमेरिकेतून आली, १५००च्या आधी आफ्रिकेत कुठली मिळायला? ग्रंथात मिरी आहे. आणि ती मिरी बहुधा आपल्याच किनाऱ्याची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या तांबड्या समुद्राच्या ग्रीक जलवर्णनात अक्सुम या जुन्या इथिओपियन राज्याचं अदुलिस बंदर आहे आणि त्याच वर्णनात सोपारा, कल्याणही आहेत. अदुलिसला हिंदुस्थानातलं लोखंड, पोलाद आणि सुती कापड उतरत असे. अवांतर संपलं.

शंकेखोर

छान लिहिलंय. पण यातलं इतिहास म्हणून किती धरायचं? शलमोन इसवी सनपूर्व १०व्या शतकातला मानतात. त्या काळी इथिओपियात कुणाचं साम्राज्य होतं? माझ्या वाचनात शबा म्हणजे येमेन. मारिबचं धरण, लोबानाचा व्यापार वगैरे.

जुनीनाणी

शबाचं राज्य येमेनचंच, यात वाद नाही. मारिबला त्यांच्या अल्मकाह देवाची देवळं आहेत. गंमत म्हणजे तिथले लोक त्यातल्या एकाला 'महरम बिल्किस' म्हणतात, बिल्किसचं देऊळ. बिल्किस हे याच राणीचं अरबी नाव. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन पथकाने तिथे खोदलं, शिलालेख पुष्कळ मिळाले, पण राणीचा उल्लेख एकातही नाही. अश्शूरच्या (असीरियाच्या) राजांच्या नोंदींत इसवी सनपूर्व आठव्या शतकात शबाचे राजे येतात आणि उत्तर अरबस्तानातल्या राण्याही येतात. म्हणजे अरब टोळ्यांवर राण्या राज्य करत, हे पक्कं. मात्र शलमोनाच्या काळातली शबाची राणी लेखी पुराव्यात कुठेच नाही.

पण येमेन की इथिओपिया असा सवाल टाकला की आपण आजचे नकाशे मागे ढकलतो. मधला समुद्र बाब-अल-मंदेबला जेमतेम तीसेक किलोमीटरचा. उत्तर इथिओपियात येहा नावाचं गाव आहे, तिथलं मोठं देऊळ इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या आसपासचं, अजूनही भिंती उभ्या आहेत. बांधणी शबाची, लिपी शबाची, देव अल्मकाह. वुक्रोजवळ २००८मध्ये अल्मकाहचं आणखी एक देऊळ उजेडात आलं. तेव्हा शबाशी आमचं नातं आहे असं इथिओपियन लोक म्हणतात, ते हवेतलं नाही. अंतर फक्त काळाचं पडतं, दोन-तीन शतकांचं.

अक्सुम त्याहून बरंच नंतरचं. तिथे 'शबाच्या राणीचा वाडा' म्हणून दुंगुरचे अवशेष दाखवतात. तो इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे राणीनंतर दीड हजार वर्षांनी बांधलेला.

दर्यावर्दी

कुराणातली गोष्ट कुणी आणली नाही म्हणून लिहितो. सूरह अन-नम्ल, सत्ताविसावी. हजरत सुलैमान पक्ष्यांची हजेरी घेतात, हुदहुद गैरहजर. तो येऊन सांगतो, सबामध्ये एक बाई राज्य करते, तिचं सिंहासन भव्य आहे आणि तिची प्रजा सूर्याला सजदा करते. मग पत्र जातं. तिचे सरदार म्हणतात आपण लढू. ती म्हणते, राजे गावात घुसले की गाव उद्ध्वस्त करतात आणि तिथल्या मानी माणसांना हीन करतात. ती आधी नजराणा पाठवून अंदाज घेते. शेवटी महालात येते, काचेची फरशी पाणी समजून पायघोळ वर उचलते, आणि मग ईमान आणते. लग्नाचा उल्लेख कुराणात नाही. बिल्किस हे नावही नंतरच्या कथांतलं.

मला विचाराल तर तीन ग्रंथांत सगळ्यात शहाणी ती इथेच दिसते. सरदारांना दिलेलं उत्तर पाहा.

सागरवेळ

दर्यावर्दी, बरं झालं लिहिलंत. युद्ध टाळणारी राणी केब्रा नगस्तमध्ये नाहीच.

अदिसकर

मी अदिस अबाबाजवळ गुलाबाच्या शेतीवर कामाला आहे (आमच्या धंद्यातली बरीच मंडळी पुणे-तळेगावकडून इकडे आली). ही गोष्ट इथे पुस्तकापेक्षा चित्रांतून जास्त फिरते. कापडावर किंवा कातड्यावर चौकटी आखून अख्खी कथा रंगवतात, बाजारात सर्रास मिळते. डोळे मोठे, माणसं समोर बघणारी. मेजवानी, बिछाने, पाण्याचं भांडं, सगळं क्रमाने. पण पहिल्या चौकटींत शलमोन नसतोच. तिथे असतो एक अजस्र साप.

त्याचं नाव आर्वे. तो देशावर राज्य करायचा. लोक त्याला गुरंढोरं आणि मुली द्यायचे. एका प्रकारात अंगाबो नावाचा परका माणूस येऊन सापाला मारतो, राजा होतो, आणि माकेदा त्याची मुलगी.

दुसरा प्रकार उत्तरेतल्या तिग्राय प्रांताकडचा, तो मला जास्त भावतो. त्यात राणीचं नाव एतिये अझेब, दक्षिणेची राणी. ही कथा जर्मन अभ्यासक एन्नो लिटमन यांनी १९०४मध्ये छापली. यात ती राजकन्या वगैरे नाही, सापाला द्यायची पाळी आलेली साधी मुलगी. तिला झाडाला बांधून आईबाप निघून जातात. सात ख्रिस्ती संत सावलीला येऊन बसतात, वरून तिचं आसू त्यांच्यावर पडतं. ते सापाला मारतात, पण त्याच्या रक्ताचा थेंब मुलीच्या टाचेवर पडतो आणि पाय गाढवाचा होतो. ती गावात परतते तर लोकांना वाटतं सापानेच पाठवली, हाकलून देतात. रात्र झाडावर काढते, सकाळी लोकांना नेऊन मेलेला साप दाखवते. मग तिलाच प्रमुख करतात. ती स्वतःसारख्याच एका मुलीला कारभारीण नेमते.

पुढे ऐकते की यरुशलेमेत कुणी राजा आहे, त्याच्या उंबऱ्यात पाऊल पडलं की व्याधी जाते. दोघी पुरुषांसारखे केस बांधून, कमरेला तलवारी लावून निघतात. दारात पाऊल टाकताच पाय बरा होतो. राजाला मात्र संशय येतो, कारण दोघी जेवतात फार थोडं. रात्री तो खोलीत मधाची पिशवी टांगतो, खाली भांडं, मध थेंब थेंब गळत राहतो. राजा झोपतो तरी डोळे अर्धे उघडे, म्हणून दोघी फसतात आणि मध चाखायला उठतात. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दोघींनाही मुलगे होतात.

खट्याळ_वेताळ

एक मिनिट. शलमोन ख्रिस्ताच्या हजार वर्षं आधी, मग झाडाखाली ख्रिस्ती संत कुठून आले?

अदिसकर

इथल्या म्हाताऱ्यांना हे विचारून बघा, तुमच्याकडेच दयेने बघतील.

जुनीनाणी

त्या गाढवाच्या पायाबद्दल. अरबी कथांमध्ये बिल्किसची आई जिन्नांपैकी, आणि बाकीचे जिन्न सुलैमानच्या कानी घालतात की हिचे पाय गाढवासारखे आहेत. खरं-खोटं करायला तो काचेची फरशी घालतो. यहुदी तर्गुमात (बायबलच्या अरामी भाषांतरात) त्याच फरशीवर तिच्या पायांवर केस दिसतात. म्हणजे पाय बघायची सगळ्यांना हौस. तिग्रायच्या कथेत तोच पाय आहे, पण खोट तिच्या रक्तात नाही. गावाने तिला सापापुढे टाकलं त्याची ती खूण आहे. आणि ती बरी होण्यासाठी ती स्वतःच्या पायाने गेली. सागरवेळ यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात असावं.

दुसऱ्या मुलाबद्दलही. एका समजुतीप्रमाणे दासीच्या (इथे कारभारणीच्या) त्या मुलापासून झाग्वे हे राजघराणं आलं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाभूळबन

पाण्याच्या प्रसंगाविषयी माझं मत जरा वेगळं आहे. आज वाचताना तो किळसवाणा वाटतो, वाटलाच पाहिजे. पण लिहिणारे धर्मगुरू होते हे लक्षात घ्या. त्यांना राणी कुमारी आणि व्रतस्थ हवी, तेव्हा ती राजी आहे असं दाखवता येत नाही. राजा दावीदाचा मुलगा, ख्रिस्ताचा पूर्वज, तेव्हा त्याने जबरदस्ती केली असंही लिहिता येत नाही. आणि मुलगा तर हवाच! या तिढ्यातून सोडवणूक म्हणजे मोडलेली शपथ. दोष कुणावरच नाही. कागदपत्रं लिहिणाऱ्या माणसाचं डोकं आहे ते.

सागरवेळ

दोष कुणावरच नाही हे तुम्ही म्हणताय. कथेत दोष तिच्यावर आहे, पाणी प्यायली म्हणून. आणि तहान लावणारा स्वयंपाक कुणी करवला, हे ग्रंथ लपवत नाही. राजाचा बेत उघड सांगतो आणि त्याला शहाणपण म्हणतो.

कागदपत्राचा मुद्दा मात्र पटला.

बाभूळबन

मान्य. आणि तो बाई गादीवर न बसवण्याचा नियम काही टिकला नाही बरं. १९१६ ते १९३० झेवदितू सम्राज्ञी होती. अलीकडच्या सम्राट दुसऱ्या मेनेलिकची मुलगी, राज्याभिषेक होऊन, स्वतःच्या नावाने. त्याआधी १८व्या शतकात गोंदरला मेंतेवाबने मुलाच्या आणि नातवाच्या नावे कारभार हाकला, तोही बिनधास्त.

नवगावची

मी इस्राएलात राहते, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदींपैकी. आईवडील रायगडातले. आमच्या वस्तीत इथिओपियाचे बरेच लोक आहेत. तिकडचे यहुदी, बेता इस्राएल म्हणतात त्यांना. १९९१च्या मे महिन्यात दीड दिवसात १४ हजारांवर लोक विमानांनी आणले, त्या मोहिमेला नावच शलमोनाचं दिलं होतं. मी शाळेत होते, टीव्हीवर बघितलेलं आठवतं.

शेजारच्या आजी सांगतात की आम्ही मेनेलिकसोबत यरुशलेमेहून गेलेल्या लोकांचे वंशज. त्यांच्यातच दुसरे म्हणतात, ती तिकडच्या ख्रिस्ती राजांची गोष्ट, आम्ही इस्राएलच्या बारा कुळांपैकी दानच्या वंशातले. १९७३मध्ये इथल्या मुख्य रब्बींनी त्यांना यहुदी मानलं तेही दानच्या वंशाचे म्हणून, राणीच्या नात्याने नाही. आमच्या लोकांना १९६४मध्ये त्याच मुद्द्यावर यरुशलेमेत धरणं धरावं लागलं होतं, लग्नाच्या नोंदीवरून. त्यामुळे आजींची आणि माझ्या आईची गट्टी लवकर जमली. भाषा येत नव्हती तरी.

आणखी एक. जुन्या यरुशलेमेत पवित्र कबरेच्या चर्चच्या गच्चीवर इथिओपियन साधूंचा मठ आहे, देर एस-सुल्तान. गच्चीवर मातीच्या रंगाच्या बुटक्या खोल्या. तिथल्या चॅपेलमध्ये राणी शलमोनाला भेटते आहे असं मोठं चित्र लावलंय. त्या गच्चीवरून इथिओपियन आणि कॉप्ट (इजिप्तच्या ख्रिस्ती) साधूंची भांडणं अजून मिटलेली नाहीत. शलमोनाने ही जागा आमच्या राणीला दिली, असा इथिओपियन बाजूचा दाखला असतो.

शंकेखोर

म्हणजे हा ग्रंथ शेवटी सातबारा झाला.

जुनीनाणी

शंकेखोर, हेच मला लिहायचं होतं. मघाशी झाग्वे लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी.

१२७०च्या आधी इथिओपियावर झाग्वे घराणं होतं. लालिबेलाची एका खडकात कोरलेली चर्चं त्यांच्या काळातली. त्यांना हटवून येकुनो अमलाक गादीवर आला. त्याने आणि त्याच्या वंशाने सांगितलं की आम्ही नवीन नाही, मूळ मालक आम्हीच, मेनेलिकच्या रक्ताचे, मधले लोक उपरे. केब्रा नगस्त पूर्ण झाला तो पुढे त्याच्याच नातवाच्या, अम्दा सेयोनच्या अमदानीच्या आसपास. काम करणारा अक्सुमचा प्रमुख धर्माधिकारी येसहाक. ग्रंथाच्या शेवटी टीप आहे की मूळ कॉप्ट, त्यावरून अरबी, त्यावरून हा गीझ अनुवाद, आणि झाग्वेंच्या काळात तो का झाला नाही याचं कारणही दिलंय : ते इस्राएली नव्हते. आता दासीच्या मुलाची समजूत कुणाच्या सोयीची, ते बघा.

म्हणून त्या स्वप्नातला सूर्य महत्त्वाचा. देवाची कृपा इस्राएल सोडून इथिओपियाकडे आली, पुरावा म्हणून कोश आमच्याकडे आणि राजा दावीदाच्या वंशाचा. राणीशिवाय हे जुळत नाही आणि ती जिवंत राज्य करत राहिली तरी जुळत नाही.

हे सातशे वर्षं चाललं. १९५५च्या इथिओपियन राज्यघटनेत दुसऱ्याच कलमात लिहिलं होतं की राजघराणं शबाची राणी आणि यरुशलेमेचा राजा शलमोन यांचा पुत्र मेनेलिक याच्यापासून अखंड चालत आलं आहे. शेवटचे सम्राट हैले सेलासी यांना १९७४च्या सप्टेंबरात लष्कराने उतरवलं तेव्हा ते कलम गेलं.

आणि आता मुंबईचा संबंध. १८६८मध्ये इंग्रजांनी सम्राट तेवोद्रोसवर स्वारी केली, कारण त्याने त्यांचा वकील आणि मिशनरी डांबले होते. सेनापती रॉबर्ट नेपियर तेव्हा मुंबई सैन्याचा सरसेनापती. फौज, खेचरं, ४४ हत्ती, सगळं हिंदुस्थानातून. मुख्य तयारी मुंबई बंदरात. ज्यांचं मुख्यालय आज खडकीला आहे ते बॉम्बे सॅपर्स, म्हणजे सैन्यातले अभियंते, त्यात होते. १३ एप्रिलला त्याचा मगदलाचा किल्ला पडला, तेवोद्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली, आणि किल्ल्यावरची हस्तलिखितं, मुकुट, चर्चमधल्या वस्तू लुटून हत्ती-खेचरांवरून खाली आणल्या. जवळच्या दलांता पठारावर लिलाव झाला. ब्रिटिश म्युझियमचा माणूस खरेदीला हजर होता.

त्या लुटीत केब्रा नगस्तही लंडनला गेला. १८७२मध्ये नवा सम्राट चौथा योहान्नेस याने इंग्लंडला पत्र लिहिलं. आशय असा, की या ग्रंथात साऱ्या इथिओपियाचा कायदा आहे आणि तो परत आल्याशिवाय माझे लोक माझे हुकूम मानणार नाहीत. म्युझियमने प्रत परत केली. तिथून काही परत येण्याची उदाहरणं फार नाहीत, म्हणून लिहिलं. अकरा ताबोत, बहुतेक त्याच स्वारीत आणलेले, अजून म्युझियमच्या कोठीत आहेत, कुणाला दाखवतही नाहीत.

पाटीपुस्तक

ताबोत म्हणजे?

अदिसकर

कोशातल्या पाट्यांची प्रतिकृती, लाकडाची किंवा दगडाची. इथल्या प्रत्येक चर्चच्या गाभाऱ्यात असते. ती नसेल तर ते चर्चच नाही. १९ जानेवारीला तिमकतच्या सणाला धर्मगुरू ती भरजरी वस्त्रांत गुंडाळून डोक्यावर घेऊन पाण्याकाठी नेतात. वरून रंगीत छत्र्या, पुढे ढोल, पांढऱ्या शुभ्र कपड्यांतली अलोट गर्दी. अक्सुममध्ये मिरवणूक माय शुम नावाच्या तलावावर येते. त्याला लोक शबाच्या राणीचं न्हाणीघर म्हणतात. कोवळी पोरं त्यात उड्या मारतात.

शंकेखोर

आणि मूळ कोश खरंच अक्सुमला आहे? कुणी बघितलाय?

अदिसकर

मरियम सियोन चर्चच्या आवारात एक लहानसं घर आहे कुंपणातलं, तिथे. एकच साधू राखण करतो, एकदा नेमला की मरेपर्यंत त्या आवाराबाहेर पडत नाही. मरायच्या आधी पुढचा राखणदार ठरतो. त्याच्याखेरीज कुणीही कोश पाहायचा नाही, धर्मप्रमुखांनीसुद्धा. मी कुंपणापर्यंत गेलोय. शेजारचं जुनं चर्च बायकांना बंद, म्हणून हैले सेलासींनी १९६०च्या दशकात बाजूला मोठं नवं बांधलं, तिथे सगळे जातात.

माझा ड्रायव्हर तिग्रायचा. त्याला मी तुमच्यासारखंच विचारलं होतं. तो म्हणाला, साहेब, बघितलं असतं तर विश्वास कशाला लागला असता. वर मलाच विचारलं, तुमच्याकडे गाभाऱ्यात कोणीही जातं का?

नोव्हेंबर २०२०मध्ये युद्धात अक्सुमला शेकडो नागरिक मारले गेले, तेही मरियम सियोनच्या सणाच्या अगदी तोंडावर. त्यानंतर त्याच्याकडे मी हा विषय काढलेला नाही.

सागरवेळ

अदिसकर, हे लिहिल्याबद्दल आभार. बातमी वाचली होती, पण सणाचा संबंध माहीत नव्हता.

मूळ प्रश्नावर येते. जुनीनाणी यांचं पटलं : ग्रंथ गादीसाठी लिहिला, त्यामुळे राणी गादीपुरतीच येते. पण मग तिग्रायची गोष्ट कुणी कशासाठी सांगत राहिलं? तिथेही ती फसते, मुलगा होतो, कोश येतो. तरी आधीचा अर्धा भाग तिचाच आहे. साप, झाड, हाकलून देणारं गाव, कारभारीण मैत्रीण, कमरेची तलवार. राजाने मोहोर उठवलेल्या ग्रंथात यातलं काही नाही, कारण गावाने टाकलेली मुलगी राजघराण्याला पूर्वज म्हणून चालली नसती. मला तीच माकेदा ठेवून घ्यायची आहे.

बाभूळबन

+१. फक्त केब्रा नगस्तच्या माकेदाला इतकी वाळीत टाकू नका. ज्ञानाविषयी तिचं जे बोलणं ग्रंथात आहे, सोन्यारुप्यापेक्षा शहाणपण थोर वगैरे, ते मध्ययुगातल्या धर्मगुरूंनी बाईच्या तोंडी घातलंय. त्या काळी दुसरीकडे कुठे सापडतं ते?

दर्यावर्दी

तेवढ्यात ती योदितही येऊ द्या. इथिओपियाच्या कथांत दुसरी राणी तीच ना, सगळं जाळणारी?

जुनीनाणी

हो, योदित किंवा गुदित. १०वं शतक. परंपरेप्रमाणे तिने अक्सुम जाळलं, चर्चं पाडली, राजवंशातले सगळे मारले आणि चाळीस वर्षं राज्य केलं. तिच्या भीतीने कोश दक्षिणेला झ्वाय तलावातल्या बेटावर लपवला म्हणतात. कुणी तिला यहुदी म्हणतं, कुणी अन्य धर्माची. माकेदापेक्षा हिचं ऐतिहासिक अंग भक्कम : त्याच शतकातला अरब भूगोलकार इब्न हौकल लिहितो की हबश देशावर (म्हणजे इथिओपियावर) एक बाई राज्य करते आणि तिने तिथल्या राजाला मारलं. सगळ्या पडक्या वास्तूंचं खापर मात्र तिच्यावर फुटतं. अक्सुमचा ३३ मीटरचा स्तंभ आडवा पडलाय, तोही तिनेच पाडला असं सांगतात. अभ्यासकांच्या मते तो उभारतानाच कोसळला असावा.

अदिसकर

दुंगुरच्या वाड्यासमोर रस्त्यापलीकडे शेतात ओबडधोबड स्तंभांचं एक मैदान आहे, गुदितचंच नाव त्याला. बाया तिथे शेण्या वाळत घालतात. त्यातल्या सगळ्यात मोठ्या स्तंभाखाली कोण पुरलंय म्हणून गावातल्यांना विचारा. माकेदा, म्हणतात.

खट्याळ_वेताळ

घ्या! दोघींना एकाच प्लॉटवर बसवलं. सागरवेळताई, गुदितचा वेगळा धागा काढा, इथे जागा पुरायची नाही.

सागरवेळ

काढते. जुनीनाणी, इब्न हौकलचं पान तेवढं शोधून ठेवा. आणि अदिसकर, चौकटींच्या चित्राचे फोटो टाकाल का? सापाची चौकट आधी.